बांधा, पण स्वतःच्या खिशातून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रॅली शहराजवळ राहणारी तुमची दोन कुटुंबं मिळून नॉर्थ कॅरोलायनाच्या टॉपसेल बेटावर, नॉर्थ टॉपसेल बीच या गावात, एक रिकामा प्लॉट घ्यायच्या विचारात आहात. एजंटने जाता जाता सांगितलं की जागा ‘कोब्रा झोन’मध्ये येते, त्यामुळे सरकारी पूरविमा मिळणार नाही. मग तुम्ही गावच्या एका सभेला जाऊन बसलात, तर तिथे लोक केंद्र सरकारवर भडकलेले. शेजारच्या गावाला जे मिळतं ते आम्हाला का नाही, आम्ही कर भरत नाही का, हा त्यांचा सवाल. आता तुम्ही विचारताय की गावाचा विकास आणि केंद्राचं संरक्षण यांचा मेळ बसतो तरी कसा, गावकऱ्यांचं म्हणणं रास्त आहे का, आणि शेवटी, प्लॉट घ्यावा का.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे पुढचं किती पारखून घ्यायचं ते तुम्ही ठरवा. मी किनारी अभियंता. पंचवीसेक वर्षं याच किनाऱ्यावर वाळू, खाडीमुखं आणि सेटबॅक (बांधकाम किनाऱ्यापासून किती मागे ठेवायचं ते अंतर) यांच्या कामात गेली. गावांसाठी कामं केली आहेत, गावांच्या विरोधात अहवालही लिहिले आहेत. दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

कोब्रा म्हणजे ‘कोस्टल बॅरिअर रिसोर्सेस अ‍ॅक्ट’ या कायद्याच्या आद्याक्षरांचं बोलीतलं रूप. इथले एजंट, विमेवाले, गावचे कारकून सगळे असंच म्हणतात. (पुण्यात या शब्दाने काय आठवतं ते मला माहीत आहे, पत्रातला तुमचा विनोद पोचला.) सभेतले निम्मे लोक एक गोष्ट विसरूनच भांडत असतात: हा कायदा बांधकामाला बंदी घालत नाही. वीट रचू नका, प्लॉट विकू नका, हॉटेल काढू नका, असं त्यात एक अक्षर नाही. 18 ऑक्टोबर 1982 रोजी रेगन यांनी सही केलेल्या या कायद्याचं सार एवढंच की नकाशावर आखलेल्या भागात केंद्राच्या तिजोरीतला पैसा नव्या बांधकामाच्या पाठीशी उभा राहणार नाही. तुम्ही बांधा, जोखीमही तुमचीच.

भारतातल्या सीआरझेडची, म्हणजे किनारी बांधकामाच्या नियमांची, सवय असलेल्या माणसाला हे चटकन उमजत नाही. 1991 च्या अधिसूचनेपासून आपल्याकडची भाषा भरतीरेषेपासून अमुक मीटरपर्यंत अमुक करता येणार नाही, अशी आहे. म्हणजे आधी निषेध, मग सवलती, मग सवलतींवरून कोर्टकचेऱ्या. कोब्रात निषेधच नाही, त्यामुळे मोडण्यासारखंही काही नाही. पैसा मागितला तरच कायदा आडवा येतो. कायद्याला ताकद मिळते ती यातूनच, आणि गावांचा संतापही यातूनच येतो.

पैसा रोखायचं कारण समजायला वाळूचा स्वभाव समजावा लागतो. तुम्ही मालवणकडे देवबागला गेला असाल. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये माड, घरं आणि वाळूचा चिंचोळा दांडा. उधाणाच्या दिवसांत तिथली माणसं रात्री उठून पाणी कुठवर आलंय ते बघतात. देवबाग जमिनीला जोडलेलं आहे; टॉपसेल सुटं, सुमारे 26 मैल लांब, मागे दलदल आणि इंट्राकोस्टल वॉटरवे हा किनाऱ्याला समांतर जाणारा जलमार्ग. पण खोड तीच. मोठ्या वादळात लाटा टेकाडं ओलांडतात आणि पुढची वाळू उचलून मागे फेकतात. समुद्राकडची कड झिजते, खाडीकडची वाढते, आणि सबंध बेट कूस बदलत बदलत मुख्य भूमीकडे सरकतं. समुद्राची पातळी वाढत असतानाही ही बेटं शिल्लक राहिली ती या सरकण्यामुळे. घर मात्र सरकत नाही, रस्ता सरकत नाही. सेप्टिक टाकीचं तर विचारूच नका. वाळू निघून गेली की ती पुळणीवर उघडी पडते आणि आरोग्य खात्याची चिठ्ठी दाराला लागते.

माणूस मग ही वाळू जागच्या जागी धरून ठेवायला बघतो. त्याला पैसा लागतो, आणि 1968 साली राष्ट्रीय पूरविमा योजना आल्यावर तो पैसा सबंध देशाकडून येऊ लागला. सवलतीचा विमा असला की बँक कर्ज देते, कर्ज मिळालं की घर उभं राहतं, घरं झाली की पूल रुंद करा म्हणून मागणी येते, आणि वादळाने सगळं नेलं की केंद्र पुन्हा उभं करून देतं. आधीपेक्षा मोठं. अलाबामातलं डॉफिन आयलंड याचा धडा म्हणून नेहमी सांगितलं जातं. सप्टेंबर 1979 मध्ये फ्रेडरिक वादळाने त्याचा पूल पाडला. केंद्राच्या पैशातून नवा पूल झाला आणि 1982 साली खुला झाला. 2005 साली कतरिनाने त्याच बेटाचे तुकडे केले. ऱ्होड आयलंडचे सेनेटर जॉन चेफी यांनी कोब्राचा पाठपुरावा केला तेव्हा पर्यावरणवाले आणि सरकारी खर्च कापा म्हणणारे एकाच बाकावर बसले, ते या हिशेबामुळे. पुढे या सगळ्या जमिनींच्या जाळ्याला चेफी यांचंच नाव दिलं गेलं.

1982 च्या मूळ यादीत 186 युनिटं, म्हणजे नकाशावर आखलेले तुकडे, होती: सुमारे 4 लाख 53 हजार एकर, 666 मैल किनारा, फक्त अटलांटिक आणि मेक्सिकोचं आखात. 1990 च्या सुधारणेने ग्रेट लेक्स, पोर्तो रिको, व्हर्जिन आयलंड्स आणि फ्लोरिडा कीज आत आले, आणि राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं यांच्यासाठी ‘अन्यथा संरक्षित’ असा दुसरा प्रकार आला. आज सगळं मिळून 35 लाख एकरांच्या वर आहे. त्यातलं बरंचसं दलदल आणि उथळ पाणी आहे हे खरं, पण या कायद्याच्या दृष्टीने तेही बेटाचंच अंग.

तुमच्या प्लॉटला यातलं काय लागू पडतं? तो मूळ 1982 च्या युनिटात असेल, तर 1 ऑक्टोबर 1983 किंवा त्यानंतर बांधलेल्या घराला राष्ट्रीय पूरविमा नाही. 1990 साली जोडलेल्या युनिटांसाठी ती तारीख 16 नोव्हेंबर 1990 आहे, आणि ‘अन्यथा संरक्षित’ भागांसाठी त्यानंतर एका वर्षाने. या दुसऱ्या प्रकारात फक्त विमा बंद. पहिल्यात विम्याबरोबर एफएचए (केंद्राचं गृहकर्जाला हमी देणारं खातं) आणि माजी सैनिकांच्या खात्याची गृहकर्जं, नवे रस्ते-पूल, पाणी आणि सांडपाण्याची केंद्रीय अनुदानं, आर्मी कोरची (लष्कराच्या अभियंता दलाची) पुळणीवर वाळू भरायची कामं, वादळानंतरची कायमची पुनर्बांधणी, सगळंच बंद. अपवाद आहेत. जीव वाचवायची तातडीची मदत येते. आधीपासूनचा जलमार्ग उपसता येतो. जाळ्यातला अत्यावश्यक दुवा असलेला जुना रस्ता दुरुस्त करता येतो. लष्कराला मुभा आहे.

लष्करावरून आठवलं. नॉर्थ टॉपसेल बीचच्या उत्तर टोकाला न्यू रिव्हरचं मुख आहे. त्याच्या पलीकडे ऑन्स्लो बीच, कॅम्प लजून या मरीन तळाचा. तिथे किनाराही असाच झिजतोय, पण कुणी सभेत उठून ओरडत नाही, कारण काठावर घरांची रांग नाही. बेट सरकतं, मरीन सैनिक सराव करतात. अलीकडच्या काठावर मात्र तीच वाळू सरकली की खटला, वर्तमानपत्रातली बातमी आणि तातडीची सभा.

आता गावकऱ्यांच्या तक्रारीकडे येऊ. कायद्याला फक्त ‘अविकसित’ जमीन हवी होती. त्याची मोजपट्टी अशी: पाच एकर पक्क्या जमिनीमागे भिंती-छप्पर असलेली एकापेक्षा कमी इमारत, आणि प्रत्येक प्लॉटपर्यंत रस्ता, पाणी, सांडपाणी, वीज हे सगळं पोचलेलं नसणं. नॉर्थ टॉपसेलचा मोठा भाग, किनाऱ्याच्या जवळपास दोन तृतीयांश, या मोजपट्टीने एल-06 या युनिटात गेला. गावाचं म्हणणं असं की 1982 साली तिथे रस्ता होता, वीज होती, प्लॉट पाडलेले होते, म्हणजे जागा अविकसित नव्हतीच. हे भांडण नवं नाही. टॉपसेलच्या काही जमीनमालकांनी तेव्हाच दावा लावला आणि 1985 साली फोर्थ सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने तो फेटाळला. त्यानंतर नकाशावरची युनिटाची रेघ पुसावी म्हणून खासदारांमार्फत विधेयकं मांडणं सुरू झालं, ते आजतागायत चालू आहे. ही रेघ नकाशे सांभाळणाऱ्या केंद्राच्या मत्स्य व वन्यजीव सेवेला मनाने बदलता येत नाही. निसर्गाने वाळू हलवली तर पाच वर्षांतून एकदा तेवढीच दुरुस्ती, बाकीचं सगळं काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कायद्यानेच.

सभेत कुणी बोलणार नाही ती गोष्ट मी सांगतो. रेघ 1982 ची आहे. नॉर्थ टॉपसेल बीच हे गाव म्हणून स्थापन झालं 1990 साली. तिथल्या बहुतेक घरमालकांनी रेघ असताना जागा घेतली, आणि रेघेमुळे जी घासाघीस करता येते ती करूनच घेतली असणार. आता रेघ पुसली, तर त्यांच्या जमिनीची किंमत एका रात्रीत वाढेल आणि जोखीम मात्र ओहायोच्या शेतकऱ्याच्या आणि कॅन्ससच्या शिक्षिकेच्या खात्यावर जाईल. ‘आम्ही कर भरतो’ हे खरं. पण विमा नाही म्हणून वाढीव पगार देणारी नोकरी पत्करल्यासारखं आहे हे. नंतर विमाही द्या म्हणायचं आणि वाढीव पगारही ठेवायचा, हे मला पटत नाही.

तरी सगळ्या तक्रारी खोट्या नाहीत. 1982 चे नकाशे हाताने आखलेले होते. 1:24,000 प्रमाणाच्या नकाशावर 1 मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर 24 मीटर होते. म्हणजे एखाद्याचं स्वयंपाकघर आत आणि ओसरी बाहेर, असं होऊ शकतं. होतंही. अशा लोकांना दुरुस्तीसाठी काँग्रेसच्या कायद्याची वाट पाहायला लावणं हा निव्वळ छळ आहे. नकाशे डिजिटल करताना यातल्या बऱ्याच चुका निस्तरल्या, 2018 च्या कायद्याने काही नकाशे बदलले, आणि सँडी वादळानंतर नऊ राज्यांचे नकाशे नव्याने तपासून नोव्हेंबर 2024 च्या ‘बीच’ कायद्याने ते लागू केले. त्यात नवी जमीन आतही आली आणि चुकून आत गेलेली घरं बाहेरही निघाली. रेघ जिथे चुकली तिथे ती सुधारा, यावर वाद नसावा. रेघ नकोशी झाली म्हणून ती चूक ठरत नाही.

दुसरी रास्त तक्रार वाळूची. न्यू जर्सीत स्टोन हार्बर नावाचं गाव आहे, युनिटाच्या बाहेरचं. त्याची पुळण भरायला वाळू हवी ती शेजारच्या हेअरफर्ड मुखातून, आणि ते मुख युनिटात. ही वाळू केंद्राच्या पैशाने उचलायची की नाही? 1994 साली गृहखात्याच्या (इथलं गृहखातं जमिनी आणि उद्यानं सांभाळतं, पोलीस नव्हे) वकिलांनी नाही म्हटलं. 2019 साली तेच खातं हो म्हणालं. 2021 साली पुन्हा नाही. नॉर्थ कॅरोलायनातलं राइट्सव्हिल बीचही याच कात्रीत सापडलं होतं, कारण तिथे दशकानुदशकं मॅसनबरो मुखातली वाळू वापरत आले होते. शेवटी 2024 च्या कायद्याने, जिथे अलीकडच्या काळात अशी वाळू घेतली जात होती तिथे ती पुढेही घेता येईल, अशी वाट काढली. मला ही तडजोड बरी वाटते. मुखात साचलेली वाळू नाही तरी त्याच किनाऱ्याची असते. पण मुख म्हणजे बँकेतली मुदत ठेव नव्हे. जास्त उपसलं की जवळच्याच काठाला खळगा पडतो.

कायदा चालतो का, हे पाहायला टॉपसेलच्या दक्षिणेकडे बोटीने जा. ली-हटॅफ बेट. पूर्वी ही दोन बेटं होती, मधलं मुख बुजून एक झाली. तेही 1982 पासून कोब्रात. तिथे आज कासवं अंडी घालतात, पाणपक्षी घरटी करतात, आणि माणसांच्या म्हणाव्या अशा खुणा जवळपास उरलेल्या नाहीत. कायदा तोच, साल तेच, वाळूही तीच. मग नॉर्थ टॉपसेलवर इमारती कशा उभ्या राहिल्या? नॉर्थ टॉपसेलला पूल होता. ली-हटॅफला नाही. पूल असला की केंद्राने अंग काढलं तरी राज्य, काउंटी आणि बिल्डर मिळून उरलेली पोकळी भरतात: रस्त्याची डागडुजी राज्य करतं, पाण्याची नळवाहिनी काउंटी टाकते, सांडपाण्याचा प्रकल्प एखादी खासगी कंपनी चालवते, आणि विमा लंडनच्या बाजारातून येतो. फ्लोरिडाने हे वेळीच ओळखलं. तिथल्या कायद्यानुसार 1 ऑक्टोबर 1985 रोजी ज्या बॅरिअर बेटाला (किनाऱ्यासमोरच्या वाळूच्या बेटाला) पूल नव्हता, त्याला नवा पूल बांधायला राज्याचा पैसा वापरता येत नाही. नॉर्थ कॅरोलायनाने असं काही केलं नाही, आणि त्याचा हिशेब आज नॉर्थ टॉपसेलचे करदाते चुकवताहेत.

तरीही एकूणात आकडे कायद्याच्या बाजूने आहेत. केंद्राच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2007 साली पाहणी केली तेव्हा अंदाजे 84 टक्के युनिटं अविकसितच होती; लक्षणीय बांधकाम झालेली 3 टक्क्यांच्या आसपास. 2019 च्या एका अभ्यासाने 1989 ते 2013 या काळात केंद्राचा आपत्ती-खर्च सुमारे 950 कोटी डॉलरनी वाचला असं काढलं. 2024 च्या दुसऱ्या अभ्यासात, तुलनेच्या तशाच जागांपेक्षा कोब्रातली बांधकामाची दाटी सुमारे 83 टक्क्यांनी कमी आढळली, आणि पूरविमा योजनेचे वर्षाला सुमारे 11.2 कोटी डॉलरचे दावे वाचतात असं निघालं, कारण मोकळी वाळू आणि दलदल शेजारच्या वस्तीवरची लाट मोडते. त्याच अभ्यासात एक खोचही आहे: लगतच्या, रेघेबाहेरच्या भागात बांधकाम सुमारे 20 टक्क्यांनी वाढलं. इथे दाबलं की तिथे फुगतं. म्हणून फक्त केंद्राच्या रेघेवर विसंबणाऱ्या काउंटीला मी नेहमी सांगतो, रेघेपलीकडच्या शंभर एकरांचं झोनिंग आधी पाहा.

गावाने मग करायचं काय? मला गावांनी पैसे देऊन हाच प्रश्न विचारला आहे, आणि माझं उत्तर ऐकून एका गावाने पुढचं काम दुसऱ्याला दिलं. उत्तर असं होतं: रेघ पुसायच्या खटपटीतला वेळ आणि वकिलांचा खर्च उचलून वाळूच्या खात्यात टाका. केंद्राविना हे जमतं. नॅग्ज हेडने 2011 साली 10 मैल किनारा भरला, सुमारे 46 लाख घनयार्ड वाळू, खर्च 3.6 कोटी डॉलरच्या आसपास, सगळा स्थानिक पैसा: काउंटीच्या भाडेकराचा निधी आणि काठावरच्या मालमत्तांवर जादा कर. ते गाव कोब्रात नाही, पण आर्मी कोरची वाट पाहून थकल्यावर त्यांनी हा रस्ता धरला. कार्टरेट काउंटीत पर्यटकांच्या भाडेकराचा निम्मा वाटा किनाऱ्यासाठी राखलेला असतो, आणि बोग बँक्स या बेटावरची सगळी गावं एका आराखड्याखाली काम करतात. एकाने भरायचं आणि दुसऱ्याने उपसायचं असा पोरखेळ तिथे चालत नाही.

आणि केंद्राचा पैसा मिळाला म्हणजे सुटलो, असंही नाही. नॉर्थ टॉपसेलचा दक्षिणेकडचा तुकडा रेघेच्या बाहेर आहे. सर्फ सिटीबरोबर त्या तुकड्यासाठी आर्मी कोरचा प्रकल्प 2014 साली मंजूर झाला होता. 2021 साली गाव स्वतःहून त्यातून बाहेर पडलं. अशा प्रकल्पात पहिल्या भरणीचा 35 टक्के आणि नंतरच्या प्रत्येक भरणीचा निम्मा वाटा स्थानिकांनी उचलायचा असतो, पन्नास वर्षं. छोट्या गावाला तो झेपत नाही. म्हणजे ज्या दारासाठी भांडण चाललंय, ते दार जिथे उघडं होतं तिथूनही गाव परत आलं. सभेत हे कुणी सांगितलं का तुम्हाला?

उत्तर टोकाची गोष्ट आणखी कठीण आहे. 2012-13 च्या हिवाळ्यात गावाने न्यू रिव्हर मुखातली वाट वळवली आणि निघालेली वाळू त्या टोकाच्या काठावर टाकली. कल्पना चुकीची नव्हती. कागदावर मीही ती मांडली असती. पण मुखाला आपलं वेळापत्रक असतं. काही महिन्यांत वाळू गेली, आणि दोनेक वर्षांत तिथे वाळूच्या पोत्यांची भिंत उभारावी लागली. नॉर्थ कॅरोलायनात समुद्राला पक्की भिंत घालायला 1985 पासून मनाई आहे, पोती तेवढी ‘तात्पुरती’ म्हणून चालतात. इथलं तात्पुरतं किती वर्षांचं असतं ते प्रत्यक्ष जाऊन पाहा. मुखालगतच्या त्या पट्ट्यात वाळू टाकत राहण्यापेक्षा घरं मागे नेणं किंवा विकत घेऊन पाडणं स्वस्त पडतं, असं माझं मत आहे आणि ते मी लेखी दिलेलं आहे. मधला आणि दक्षिणेकडचा भाग मात्र नियमित भरणी, टेकाडांवर सी ओट्स या गवताची लागवड आणि कडक सेटबॅक यांच्या बळावर बराच काळ सांभाळता येईल. एकाच गावात दोन धोरणं ठेवायची म्हणजे मतदारांना तोंड द्यावं लागतं, आणि कुठल्याही सरपंचाला ते नकोच असतं.

एक खुपणारी बाजू राहिली. केंद्राने हात काढला की तिथे गरीब बांधत नाही. ज्याला कर्जाची आणि विम्याची गरज नाही तो बांधतो. त्यामुळे काही युनिटांत रोख पैसेवाल्यांचे वाडे उभे राहतात, आणि तीस वर्षं गावात राहिलेल्या निवृत्त जोडप्याचं जुनं घर मात्र एका वादळात हातचं जातं. असं एक जोडपं मी पाहिलं आहे. घर कायद्याच्या आधीचं, म्हणून विमा होता. वादळात नुकसान घराच्या बाजारभावाच्या 50 टक्क्यांवर गेलं, आणि नियमाप्रमाणे दुरुस्त केलेलं घर ‘नवं’ ठरून विम्याचा हक्क संपला. त्यांनी जागा विकली. तिथे आता सहा बेडरूमचं भाड्याचं घर आहे. अशा जुन्या घरमालकांकडून जागा योग्य भावाने विकत घेऊन मोकळी ठेवायला केंद्राने पैसा द्यावा, असं मला मनापासून वाटतं. बांधायला नको, पण निघून जायला मदत हवी.

आता तुमचा प्लॉट. एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नका, उलट्या बाजूनेही नाही. मत्स्य व वन्यजीव सेवेचा कोब्रा नकाशा ऑनलाइन आहे. त्यात पत्ता टाकला की आत, बाहेर, की रेघेच्या 20 फुटांच्या टप्प्यात ते कळतं. त्या टप्प्यात असाल तर सेवेकडून लेखी निर्णय मागवा. विमा कंपनी आणि बँक दोघीही तोच कागद मागतात. युनिटात असाल तर खासगी पूरविम्याचे दोन-तीन भाव प्लॉटचा सौदा ठरवण्यापूर्वी घ्या, नंतर नव्हे. आणि हप्त्यापेक्षा जास्त लक्ष या कलमाकडे द्या, की कंपनी पुढच्या वर्षी नूतनीकरण नाकारू शकते का. शकतेच, बहुधा. तेव्हा बँक काय करेल हेही त्याच दिवशी बँकेला विचारा.

मग राज्याचा सेटबॅक. 5,000 चौरस फुटांखालच्या घराला, टिकून असलेल्या वनस्पतींच्या पहिल्या रांगेपासून मागे, वार्षिक धुपेच्या तीसपट अंतर सोडावं लागतं, कमीत कमी 60 फूट. धूप वर्षाला 5 फूट असेल तर 150 फूट. आता प्लॉटची खोली मोजा. या किनाऱ्यावर मी असे प्लॉट पाहिले आहेत की सेटबॅक आणि सेप्टिकची जागा वजा केली की घरासाठी मोटार उभी करण्याएवढीच जागा उरते. विकणारा ते सांगत नाही. 1996 साली जुलैत बर्था आणि सप्टेंबरात फ्रॅन अशी दोन वादळं याच बेटावर आली, 2018 साली फ्लॉरेन्स आलं. त्या प्रत्येकाच्या आधीचे आणि नंतरचे हवाई फोटो काउंटीकडे मागा आणि तुमच्या प्लॉटवर बोट ठेवून वनस्पतींची रांग कुठून कुठे गेली ते पाहा. उन्हाळ्यात जागा बघू नका. अमावास्येच्या भरतीला, ईशान्येचा वारा सुटलेला असताना जा.

घ्याच असं मी म्हणणार नाही, घेऊ नका असंही नाही. पैसा गेला तरी घरखर्चाला धक्का लागणार नसेल, आणि पंधरा-वीस वर्षं मुलांना समुद्र मिळावा एवढाच हेतू असेल, तर समजण्यासारखं आहे. निवृत्तीची पुंजी असेल तर रेघेबाहेर, शक्यतो बेटाच्याही बाहेर, स्नीड्स फेरीच्या बाजूला बघा. आणि दोन कुटुंबांत मिळून घेणार असाल तर मैत्री आहे म्हणून संकोच करू नका, हे आधीच कागदावर घ्या: घर निम्म्याहून जास्त मोडलं तर पुन्हा बांधायचं की जागा सोडायची, हे कोण ठरवणार, आणि मोडलेलं घर पुळणीवरून उचलून न्यायचा खर्च कोणाच्या नावावर.